पान आणि पाना

मराठीत ‘पान’ आणि ‘पाना’ या दोन शब्दांत केवळ एका कान्याचा फरक आहे. पण या दोन वस्तू हाती धरणाऱ्या माणसांमध्ये आपल्या समाजाने केवढे अंतर निर्माण करून ठेवले आहे! पान वाचणारा तो सुशिक्षित, पाना फिरवणारा तो अडाणी. पान वाचणाऱ्याला ‘सर’ म्हणायचे आणि पाना फिरवणाऱ्याला ‘ए मिस्त्री’ अशी हाक मारायची, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्यात काही चूक आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्या चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत तक्षण म्हणजे सुतारकाम होते, वास्तुविद्या होती, धातुवाद म्हणजे धातूंची विद्याही होती. मग आजच्या कला शाखेतून या कला गेल्या कुठे? आणि गेल्या त्या गेल्या, निदान त्यांच्याकडे ‘विद्या’ म्हणून पाहण्याची दृष्टी तरी आपल्यापाशी उरली आहे का? हा प्रश्न मला या वर्षी फार छळतो आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

वाचकहो, थोर विषय सोडून मी येथे एका अगदी क्षुल्लक वस्तूविषयी लिहिणार आहे. तिचे नाव स्टड. बोटाएवढा लांब, करंगळीहून बारीक, दोन्ही टोकांना आटे पाडलेला लोखंडी दांडा. जुन्या पिकअप गाडीच्या इंजिनात तो मोडतो, आणि तो मोडला की एका कुटुंबाचा धंदा उभा राहतो, म्हणजे थांबतो. मोडलेला स्टड बाहेर कसा काढतात, हे आपल्या ग्रंथालयातील एकाही मराठी पुस्तकात मला सापडले नाही. माझ्या मामांना मात्र ते येते. मामा पाचवीपर्यंत शिकले आहेत.

आमचे गाव कुंभारी. सोलापुराहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले. बाहेरच्यांना ते विडी कामगारांच्या वसाहतींमुळे ठाऊक आहे. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने येथे विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. पुढे रे नगर ही तीस हजार घरांची योजना याच गावच्या शिवारात आली आणि तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. माझी आई विडी वळते. म्हणजे आमच्या घरात पान आहे, पण ते तेंदूचे. वहीचे पान आमच्या घराण्यात पहिल्यांदा माझ्या हाती आले. आणि पाना आहे तो मामांच्या गॅरेजात. रस्त्याकडेला पत्र्याचे एक शेड, एक वेल्डिंगचे यंत्र, एक ड्रिल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने आणि कानशी. रविवारी व सुटीत मी तेथे हाताखाली असतो. माझी फी पुष्कळशी तेथूनच भरली जाते.

या भागातल्या जीवनात पिकअप गाडीचे स्थान फार मोठे आहे. एकेकाळी बैलगाडी जे करीत होती ते सारे आज पिकअप करते. कांदा सोलापूरच्या बाजार समितीत जातो तो पिकअपमधून, वसाहतीत विटा-सिमेंट येते ते पिकअपमधून आणि लग्नाचे वऱ्हाडही, नियमात बसो वा न बसो, पिकअपमधूनच. १९८६ साली टाटांची ४०७ आली, २००५ साली जिला सारे ‘छोटा हत्ती’ म्हणतात ती एस आली, महिंद्रांच्या पिकअप तर गावोगाव आहेत. नवी गाडी घेणारा वेगळा आणि तीच गाडी तिसऱ्या हाताने विकत घेऊन तिच्यावर संसार चालवणारा वेगळा. मामांच्या शेडखाली येतात त्या या दुसऱ्या माणसाच्या गाड्या.

आता त्या स्टडकडे वळू. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल जळते आणि जळालेला वायू बाहेर पडतो. तो एकत्र गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडण्यासाठी इंजिनाच्या हेडला बिडाचा एक फाटे असलेला भाग जोडलेला असतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. हे मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवतात ते स्टड. स्टडचे एक टोक हेडच्या आट्यात घट्ट बसलेले, दुसऱ्या टोकावर मॅनिफोल्ड चढवून वर नट, आणि दोहोंच्या मध्ये पॅकिंग.

हा स्टड मोडतो का? आपण समजतो, लोखंड जुने झाले, गंजले, मोडले. पण खरे कारण याहून मनोरंजक आहे. हेडमधून पाणी खेळत असते, त्यामुळे त्याची उष्णता पाणी उकळण्याच्या आसपासच राहते. मॅनिफोल्ड मात्र ओझे घेऊन चढ चढताना चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे आपण शाळेत पाठ केले होते. बिडाची एक मीटर लांबीची पट्टी एका अंशाला मीटरच्या सुमारे अकरा दशलक्षांश भागाने वाढते. हिशेब केला तर चाळीस सेंटिमीटर लांबीचे मॅनिफोल्ड आपल्या शेजारच्या हेडपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर अधिक लांबते. इंजिन थंड झाले की पुन्हा आखडते. हा दीड मिलिमीटरचा ताण प्रत्येक फेरीला, वर्षानुवर्षे, स्टडच्या मानेवर पडत राहतो. मधल्या स्टडना तो कमी जाणवतो, टोकाच्यांना सर्वांत जास्त. म्हणून मोडतात ते बहुधा टोकाचे स्टड. मामांनी हा हिशेब कधी मांडलेला नाही. पण गाडी आली की ते आधी कडेच्या स्टडना हात लावतात.

रोग ओळखण्याची त्यांची रीतही ऐकण्यासारखी आहे. स्टड मोडला की मॅनिफोल्ड आणि हेड यांत केसाएवढी फट पडते. सकाळी थंड इंजिन सुरू केले की त्या फटीतून वायू ‘टक् टक्’ असा आवाज करीत निसटतो. इंजिन तापले की मॅनिफोल्ड फुगते, फट बुजते आणि आवाज बंद होतो. त्यामुळे ड्रायव्हर म्हणतो, “थोडा वेळ आवाज येतो, मग आपोआप जातो की.” आणि तो गाडी तशीच हाकतो. मामा म्हणतात, “आरं, आवाज गेला म्हंजी दुखणं गेलं न्हाई. रातच्याला गाडी हितंच सोड, सकाळी गार हाय तवर ऐकतो.” गार इंजिनाची टकटक, हेडवर उमटलेला काजळीचा डाग आणि केबिनमध्ये येणारा धुराचा वास, या तीन खुणांवर त्यांचे निदान होते. डॉक्टर नाडी पाहतात, त्याहून हे काय वेगळे आहे?

गेल्या वर्षी कांद्याच्या हंगामात अशी एक गाडी आली. पंधरा वर्षांहून जुनी. मालक शेजारच्या गावचे, स्वतःच गाडी चालवणारे. गाडीवर कर्ज, घरात दोन मुली शिकणाऱ्या आणि पासिंगची तारीख तोंडावर आलेली. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने त्यांना सांगितले होते की मागच्या सिलिंडरचे दोन स्टड मोडले आहेत, ते निघणार नाहीत, हेडच बदलावे लागेल. तो खर्च हजारांच्या आकड्यांतला होता आणि तेवढ्यात त्यांचा हंगाम बुडाला असता. ते मामांकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मामांनी मॅनिफोल्ड उतरवले, मोडक्या स्टडवर बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, “दोन दिस लागतील, दादा. घाई केली तर न्हाई व्हायचं.”

दोन स्टडपैकी एकाचे टोक हेडबाहेर थोडेसे दिसत होते. त्यावर रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरवले. सकाळी पकड लावून पाहिली, ढिम्म हलला नाही. मग मामांनी बॅटरीच्या तारा सोडल्या, हेडच्या भोकात चिंध्या कोंबल्या, त्या मोडक्या टोकावर एक नट ठेवला आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग करून नट व स्टड एकजीव केले. येथे मला वाटले, आता पाना लावून पिळायचे. पण मामा बिडी ओढत बसले! लाली उतरू दिली. का, हे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “तापला तवा त्यो फुगतो, पर भवतीचं बीड त्याला फुगू देत न्हाई. दबतो. गार झाला की आंग चोरतो. त्यानं आंग चोरलं की गंजाची मिठी सुटती.” मग त्यांनी कोमट झालेल्या स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरले. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच नियमाने. पाना लावला, पण एकदम उलटा फिरवला नाही. अर्धी रेघ पुढे, अर्धी रेघ मागे, असे खेळवत राहिले. पहिला नट तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्या नटाबरोबर स्टड ‘कर्रर्र’ करीत फिरला. त्या आवाजाने जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

दुसरा स्टड हेडच्या आतच मोडला होता. त्याला धरायला काहीच नव्हते. अशा वेळी बाजारात ‘इझी आउट’ नावाचे हत्यार मिळते. मोडक्या स्टडला भोक पाडून त्यात ते उलटे पिळले की ते चावा घेते आणि स्टड बाहेर ओढते. गाडीमालक म्हणाले, “तेच लावा की, लवकर होईल.” मामा नको म्हणाले. कारण ते हत्यार फार कडक पोलादाचे असते. जाम झालेल्या स्टडमध्ये ते मोडले तर त्याला साधे ड्रिलही लागत नाही, आणि मग मात्र खरोखरच हेड उतरवून शहरात न्यावे लागते. मामांनी लांबचा रस्ता धरला. मोडकी बाजू कानशीने सपाट केली आणि सेंटर पंचाने बरोबर मध्यावर खूण केली. त्या एका ठोक्यासाठी त्यांनी चार वेळा चष्मा पुसला. लेथवाल्याकडून एक छोटी नळी कातून आणली. ती मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसे आणि तिच्या आतून ड्रिल सरळ जाई. म्हणजे मॅनिफोल्डच ड्रिलला वाट दाखवणार. आधी तीन मिलिमीटरचे भोक, मग पाच, मग सहा पूर्णांक आठ. स्टड आठ मिलिमीटरचा होता. आठच्या आट्याला सहा-आठचेच भोक लागते. एवढे पाडल्यावर स्टडची नुसती साल उरली. ती छिन्नीने आत दाबून चिमट्याने बाहेर ओढली आणि टॅप फिरवून आटे साफ केले. हेडचे मूळ आटे शाबूत होते.

मग बाकीचे सगळेच स्टड बदलले. ‘दोन मोडले तर उरलेल्यांनीबी तेवढाच भार सोसलाय,’ हे त्यांचे तत्त्व. मॅनिफोल्डची बाजू पट्टी लावून तपासली, थोडी वाकली होती ती घासून सपाट करून आणली. नवे पॅकिंग, आट्यांना तांब्याचे वंगण आणि नट आवळले ते मधून कडेकडे, एका दमात न आवळता तीन फेऱ्यांत. गाडी सुरू झाली. टकटक नाही. मालकांनी हात जोडले. पुढच्या आठवड्यात गाडी पासही झाली.

ही हकीकत मी इतक्या विस्ताराने लिहिली ती मामांची स्तुती करावी म्हणून नव्हे. असे मिस्त्री अक्कलकोट रोडवर आणि साऱ्या महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. मला प्रश्न विचारायचा आहे तो असा की, या कामात जे होते त्याला आपण काय म्हणणार? त्यात पदार्थविज्ञान होते, धातूंची ओळख होती, भूमिती होती. आणि या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विवेक होता. कुठले हत्यार वापरायचे नाही, केव्हा थांबायचे, कोणती घाई महागात पडेल, हे कळणे यालाच तर आपण शहाणपण म्हणतो. तर्कशास्त्राच्या तासाला आम्हांला निरीक्षण, गृहीतक, पडताळा असे टप्पे शिकवतात. गार इंजिन ऐकणे, कडेचा स्टड धरणे आणि मॅनिफोल्ड उतरवून पाहणे हे त्याच टप्प्यांचे आचरण नाही का? एवढे असूनही जनगणनेचा कागद भरताना मामांच्या शिक्षणाच्या रकान्यात ‘पाचवी’ एवढेच लिहिले जाणार.

यावर काही आक्षेप घेतले जातील याची मला जाणीव आहे. पहिला आक्षेप असा की, जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या मोडीतच निघाल्या पाहिजेत. त्या जिवंत ठेवणाऱ्यांचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. प्रदूषणाचे दुःख वसाहतीत राहणाऱ्या आम्हांला बंगल्यात राहणाऱ्यांपेक्षा अधिकच आहे. परंतु २०२१ साली जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणातही खाजगी मालकाच्या गाडीची कसोटी तिचे वय ही नसून फिटनेसची चाचणी ही आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर ही चाचणी दरवर्षी द्यावी लागते. चाचणीत नापास होईल ती गाडी जरूर मोडा. पण एका स्टडपायी जी गाडी नापास होणार आहे ती दुरुस्त करणे हे प्रदूषण कमी करण्याचेच काम आहे. शिवाय नवे हेड ओतायला कोळसा लागतो, वीज लागते, याचा हिशेब कोण करणार? जगातही आता वारे फिरू लागले आहे. वस्तू दुरुस्त करण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य व्हावा म्हणून युरोपात व अमेरिकेत कायदे होत आहेत आणि आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली त्यासाठी समिती नेमली. जी गोष्ट परदेशातून ‘हक्क’ म्हणून आपल्याकडे येत आहे ती आमच्या शेडखाली रोजचा व्यवहार म्हणून पूर्वीपासून चालू आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो माझ्या आईचा आहे. मी गॅरेजात निघालो की तिचा चेहरा उतरतो. परवा ती म्हणाली, “तुझ्या हातातनं पाना सुटावा म्हून मी हजार-हजार इड्या वळते, आन् तू सुटीत बी त्योच धरतोस व्हय रं?” या वाक्यापुढे मी निरुत्तर होतो. कारण तिचे भय खरे आहे. हाताच्या कामाचा गौरव आजवर ज्यांनी केला त्यांतल्या बहुतेकांच्या हाताला काम नव्हते. ज्यांच्या हाताला काम होते त्यांना पिढ्यानुपिढ्या पुस्तकाला शिवू दिले नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची योजना मांडली. तिच्यातला विचार मोठा होता, पण गरिबाच्या मुलाने चरख्यापाशीच बसावे काय, ही शंका तेव्हाही अनेकांना आली. त्याआधी १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात मला याचे उत्तर सापडते. त्यांनी बहुजनांच्या मुलांसाठी लिहिणे, वाचणे, हिशेब, इतिहास-भूगोल, व्याकरण हे सारे मागितले आणि त्याच यादीत शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले. म्हणजे नांगर सोडून पुस्तक घ्या, असे ते म्हणाले नाहीत. आणि पुस्तक सोडून नांगर धरा, असे तर मुळीच नाही. दोन्ही आमच्या हाती द्या, असे ते म्हणाले.

माझे म्हणणेही एवढेच आहे. मी मामांचे गॅरेज चालवावे असे मला म्हणायचे नाही आणि माझ्या वर्गातल्या मित्रांनी भरतीची तयारी सोडावी असेही नाही. आणि गॅरेज म्हणजे स्वर्ग आहे असे तर कोणीच समजू नये. तेथे डोळ्यांना चष्मा न लावता वेल्डिंग चालते, धूर छातीत जातो, म्हातारपणी हातात पेन्शन येत नाही. कित्येक मिस्त्री लहान वयातच पाना हाती घेऊन मोठे झाले. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवण्यास आज कायद्याने बंदी आहे ती योग्यच आहे. पण याचा एक परिणाम आपण ध्यानात घेत नाही. पूर्वी ही विद्या पोराच्या हाताला लहानपणीच लागत असे. आता पोरगा शाळेत जातो, जायलाच हवा. पण शाळा-कॉलेज ती विद्या शिकवत नाही आणि मिस्त्रीला ती लिहिता येत नाही. मामांचा मुलगा गाडीचे बॉनेटसुद्धा उघडत नाही. मग मामांनंतर ती मेणबत्ती, ती लाली उतरू देण्याची वेळ, तो चार वेळा चष्मा पुसून मारलेला ठोका, हे सारे कुठे राहणार?

आणि येथेच, मित्रहो, कला शाखेच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते. ज्याला पान लिहिता येते आणि ज्याच्या घरी पाना आहे असा माणूस आपल्याकडे प्रथमच, आमच्या पिढीत, निर्माण झाला आहे. आमच्या वर्गात माझ्यासारखे किती जण आहेत पाहा. कुणाचे वडील यंत्रमागावर जॉबर आहेत, कुणाची आई विडी वळते, कुणाचे आजोबा सुतार, कुणाचा भाऊ मोटार रिवाइंड करतो. यांतल्या प्रत्येक घरात एक न लिहिलेला ग्रंथ आहे. तो लिहिण्यास इंजिनिअरिंगचा विद्यार्थी येणार नाही, कारण त्याचे शिक्षण इंग्रजीत झाले आहे आणि त्याची नजर नव्या यंत्रावर आहे. हे काम भाषेचे आहे, म्हणून ते आपले आहे.

महाराष्ट्रात असे पूर्वी घडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकवीत. त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, १९०३ साली लोखंडी नांगर घडवला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. हे सर्वांना माहीत आहे. पण त्या कारखान्याची माहिती देण्यासाठी १९२० साली जे ‘किर्लोस्कर खबर’ निघाले तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी वाचकांच्या घराघरात गेले, हे आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवले पाहिजे. नांगराच्या फाळापासून निघालेली वाट साहित्यापर्यंत पोहोचली. मग साहित्याच्या वर्गातून निघालेली वाट गॅरेजापर्यंत का पोहोचू नये? आमच्या गावच्या वाटेवर, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत, १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. तिने घडवलेले कॅमशाफ्ट परदेशी मोटारींच्या इंजिनांत बसतात. सोलापूरचे लोखंड साता समुद्रापार बोलते आहे आणि सोलापूरच्या कॉलेजात त्याविषयी एक मराठी परिच्छेद मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

नुसती खंत व्यक्त करून थांबणे बरे नव्हे, म्हणून काही सूचना करतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कला शाखेलाही कौशल्याचे अभ्यासक्रम आणि क्षेत्रीय प्रकल्प आले आहेत. त्या प्रकल्पांसाठी आज आम्ही इंटरनेटवरून उतरवून काढतो आणि प्राध्यापकही नाइलाजाने गुण देतात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातला किंवा गल्लीतला एक व्यवसाय त्या माणसाच्या शब्दांत लिहून आणावा, असे ठरवता येणार नाही का? दुसरे, मराठी विभागाने या व्यवसायांतल्या शब्दांचा एक छोटा कोश करावा. ‘आटे’, ‘बीड’, ‘कानस’, ‘लाली’, ‘आंग चोरणे’ हे शब्द किती नेमके आहेत! गॅरेजात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात नांदतात. भाषाविज्ञानाला याहून चांगली प्रयोगशाळा कोणती? तिसरे, वाङ्मय मंडळाच्या व्याख्यानमालेत वर्षातून एकदा तरी एखाद्या मिस्त्रीला, जॉबरला, विडी वळणाऱ्या बाईला बोलवावे आणि इतर पाहुण्यांना देतो तीच खुर्ची द्यावी. चौथी सूचना आम्हां विद्यार्थ्यांना आहे. देणे एकतर्फी नसावे. मामांना कंपनीचे इंग्रजी पुस्तक वाचून दाखवणे, पक्के बिल कसे लिहावे ते सांगणे, आयटीआयमध्ये वा सरकारी योजनेत अनुभवाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवता येते याची माहिती देणे आणि वेल्डिंगला बसताना डोळ्यांवर काळी काच घ्यायला लावणे, एवढे तर आपण आपल्या शिक्षणाच्या जोरावर करूच शकतो.

कोणी म्हणेल, असे चार पाने लिहून काय होणार? मला वाटते, पुष्कळ होईल. आईला जी लाज वाटते ती कामाची नाही. त्या कामामुळे आपल्याला कोणी विचारत नाही याची ती लाज आहे. ज्या दिवशी तिच्या मुलाच्या कॉलेजच्या अंकात मोडका स्टड काढण्याची रीत छापून येईल आणि प्राध्यापक ती वाचतील, त्या दिवशी त्या लाजेचा एक आटा तरी सैल होईल असा माझा विश्वास आहे. गंजलेला स्टड एका झटक्यात निघत नाही. अर्धी रेघ पुढे, अर्धी रेघ मागे, असा धीराने खेळवावा लागतो. पान आणि पाना यांच्यामधला गंज तर कित्येक पिढ्यांचा आहे. तो सोडवण्यासाठी पहिला हात आपल्या महाविद्यालयाने लावावा, एवढीच गुरुजनांना आणि मित्रांना नम्र विनंती.

— द्वितीय वर्ष कला